इथे हसायचं असतं

सुहासिनी टिपणीस यांची फाइल माझ्या कपाटात अजून आहे. आत सदतीस कागद आहेत. छत्तीस नियमाप्रमाणे ठेवायचे म्हणून ठेवलेले: प्रवेशाचा अर्ज, पासपोर्टची प्रत, पत्त्याचा पुरावा, मुदतवाढीचा फॉर्म वगैरे. सदतिसावा कागद कुठल्याच नियमात बसत नाही. तो काढून टाकायचं काम माझ्या यादीत दोन वेळा आलं, आणि दोन्ही वेळा त्याच्यापुढे खूण न करताच मी यादी फाडून टाकली. असं मी करत नाही. म्हणून म्हटलं, बाईंबद्दल एकदा लिहून काढावं.

मी सेंदाईतल्या एका विद्यापीठात परदेशी विद्यार्थ्यांच्या खिडकीवर काम करते. खिडकीबाहेर उभे राहणारे बहुतेक पंचविशीतले असतात. हातात फोन, चेहऱ्यावर झोप. चार वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये तिथे एक बावन्न वर्षांच्या बाई येऊन उभ्या राहिल्या. सुती साडी, वर जाड जाकीट, पायात बर्फाचे बूट आणि गळ्यात दोरीला बांधलेली पेन्सिल. बर्फ संपून महिना झाला होता. मी जपानीत विचारलं, "पाल्याच्या प्रवेशासाठी आलात का?" त्यांनी माझ्या छातीवरची नावाची पट्टी वाचली आणि मराठीत म्हणाल्या, "पाल्य मीच आहे."

अर्जावर विषयाचा रकाना लहान असतो. बाईंचं अक्षर रकान्याबाहेर येऊन समासात उतरलं होतं: समकालीन मेक्सिकन लेखिकांच्या लघुकथांतला विनोद, प्रतिकाराचं साधन म्हणून. मी ते दोनदा वाचलं.

"मेक्सिको?"

"हो."

"मग जपानला कशा आलात?"

हा प्रश्न अर्जात नाही, पण तो त्यांना प्रत्येकाने विचारला, आणि त्यांचं उत्तर माणसागणिक बदलत असे. मला म्हणाल्या, "चारशे वर्षांपूर्वी इथल्या सरदाराने याच किनाऱ्यावरून मेक्सिकोला जहाज धाडलं होतं. पुढे काय झालं ते विचारायला आलेय." त्यांचे मार्गदर्शक कुरोदा-सेन्सेई यांना म्हणाल्या, "माझ्या पत्राला फक्त तुमचं उत्तर आलं." आणि आमच्या ह्यांना, एकदा आमच्याकडे जेवायला आल्या असताना म्हणाल्या, "मेक्सिकोला मला कोणी बोलावलं नाही. आणि पुण्यात नवरा आहे." तिन्ही उत्तरं खरी होती, हे कळायला मला वर्ष लागलं.

पुण्यातल्या एका कॉलेजात त्या पंचवीस वर्षं स्पॅनिश शिकवत होत्या. जपानी त्याच्याही आधी, लग्नापूर्वी शिकलेल्या. कॉलेजने तीन वर्षांची अभ्यासरजा दिली होती. तीन वर्षांत पीएच.डी. पूर्ण करून परतायचं, एवढी सरळ गोष्ट होती.

त्या हसत नसत, हे सगळ्यांच्या आधी लक्षात यायचं. रागीट नव्हत्या, उदासही नव्हत्या. चेहरा गंभीर ठेवून अतिशय चमत्कारिक काही तरी बोलायच्या आणि समोरच्याकडे बघत राहायच्या, जणू तो आता काय करतो याची नोंद घ्यायची आहे. नाव मात्र सुहासिनी. ते लग्नात नवऱ्याने ठेवलेलं, तांदळात अंगठीने लिहून. "त्यांनी नाव लिहिलं तेव्हाच पहिली सूचना मिळाली," असं त्या म्हणायच्या. इथले जपानी लोक त्यांना 'तिपुनिसु-सान' म्हणत. मला त्या 'यादी-सान' म्हणत. पहिल्या महिन्यात 'अहो यादी-सान', नंतर 'अगं यादी-सान'.

त्यांचा अभ्यास वाचनालयात चालत असेल तसा तो कचऱ्याच्या चौथऱ्यावरही चालत असे. बाई ज्या इमारतीत राहायच्या तिथे त्या एकट्याच परदेशी. इमारतीच्या कचऱ्यात जळणारं, न जळणारं, प्लास्टिक यांची काही गफलत झाली, की चुकलेल्या पिशवीवर लाल चिठ्ठी लागायची आणि केअरटेकर आजोबा नेमके बाईंच्या दाराची घंटी वाजवायचे. अतिशय नम्रपणे. वाकून. "आपल्या देशात पद्धत वेगळी असेल," असं म्हणून चित्रांचं पत्रक द्यायचे. अशी पाच पत्रकं जमली. पिशव्या बाईंच्या नव्हत्याच.

मी म्हटलं, "तक्रार करा. मी पत्र लिहून देते, तीन मुद्दे पुरेत."

"नको. ते इतकं छान सांगतात, तर आपण नीट ऐकावं."

दुसऱ्या दिवसापासून बाईंच्या प्रत्येक पिशवीवर एक स्वच्छ लिहिलेला कागद चिकटलेला असे. वर मालकिणीचं नाव, खोली क्रमांक. खाली अनुक्रमणिका: एक, कांद्याची सालं, तीन कांद्यांची. दोन, चहाचा चोथा. तीन, वहीचं एक पान, लिहिताना चुकलेलं. चार, हाच कागद, कारण तोही जळतो. शेवटी आदरार्थी जपानीत, 'काही चुकलं असल्यास कृपया शिकवावं.' आठ दिवसांत इमारतीतली इतर मंडळी आजोबांना विचारायला लागली, की नवीन नियम आलाय का, आम्हीही यादी लावायची का. आजोबांनी येऊन, आणखी खाली वाकून, हे थांबवण्याची विनंती केली. लाल चिठ्ठीवाल्या पिशव्या दुसऱ्या मजल्यावरच्या एका जपानी विद्यार्थ्याच्या निघाल्या. त्याला पत्रक मिळालं की नाही माहीत नाही.

"ही युक्ती तुम्ही त्या गोष्टींतून उचललीत ना?" मी विचारलं.

"युक्ती कसली? सांगितलेलं ऐकलं फक्त. जरा जास्त ऐकलं."

बुधवारी आम्ही कॅन्टीनमध्ये एकत्र जेवायचो. पाऊण तास. त्यात त्या मला आठवड्याला एक गोष्ट सांगायच्या. त्यातली एक मला अजून जशीच्या तशी आठवते. एक मेलेली बाई सरकारी कचेरीत जाते. तिला स्वतःच्या मृत्यूचा दाखला हवा असतो. त्याशिवाय तिला मारणाऱ्याविरुद्ध तक्रार नोंदवता येत नाही. खिडकीमागचा कारकून म्हणतो, अर्जदार स्वतः हजर असल्यामुळे दाखला देता येत नाही. ती म्हणते, बरं, मग मी जिवंत आहे असं लिहून द्या. तो म्हणतो, त्यासाठी ओळखीचा पुरावा लागेल, आणि तुमची सगळी कागदपत्रं रद्द झालीत, तुम्ही वारलात म्हणून.

मी घास गिळून म्हटलं, "कारकुनाचं बरोबर आहे."

बाईंनी काटा खाली ठेवला आणि माझ्याकडे बराच वेळ बघितलं. मग पेन्सिलने वहीत काही तरी लिहिलं. "काय लिहिलंत?" "काही नाही. खिडकीच्या आतून ही गोष्ट कशी दिसते, ते मला मिळत नव्हतं." त्यानंतर दोन-तीन आठवडे मी खिडकीवर कुणालाही 'हा कागद कमी आहे' असं म्हणताना अडखळत होते. मग सवय परत आली.

अडचण कुरोदा-सेन्सेईंची होती. सेन्सेई सज्जन, बारीक, साठी ओलांडलेले. जुन्या स्पॅनिश काव्यात त्यांचा हात धरणारा इथे कोणी नव्हता. बाईंच्या पहिल्या प्रकरणाची प्रत त्यांनी महिनाभर वाचली आणि समासात लाल पेन्सिलने एकच प्रश्न सतरा ठिकाणी लिहून परत दिली: 'विनोद कुठे आहे?' टोमणा नव्हता. ते खरंच शोधत होते. बाई भेटायला गेल्या तेव्हा म्हणाले, "मरण, मारहाण, हरवलेल्या मुली. मला रडू येतं. हसायचं कुठे?" आणि त्यांनी नियम घालून दिला: जिथे जिथे विनोद आहे, तिथे तळटीप द्यावी. हसण्याची जागा दाखवावी. कारण द्यावं.

बाई तो निरोप घेऊन सरळ माझ्या खिडकीवर आल्या. "यादी-सान, एक तक्ता करून दे."

ते काम मी मनापासून केलं. रकाने पाच: क्रमांक, पान, विनोद, कोणाविरुद्ध, परिणाम. एकूण त्रेसष्ट विनोद निघाले. 'कोणाविरुद्ध' हा रकाना भराभर भरला: नवरा, पोलीस, पाद्री, सासू, संपादक, डॉक्टर, पुन्हा नवरा. 'परिणाम' हा रकाना त्रेसष्ट ओळी कोरा राहिला. रिकामा रकाना मला बघवत नाही. मी म्हटलं, "निदान 'लागू नाही' असं तरी लिहू."

"राहू दे रिकामा. माझा प्रबंध त्याच रकान्याबद्दल आहे."

तळटिपा लिहायला त्यांना दीड वर्ष लागलं. प्रत्येक टीप एकाच साच्याची: आधी शब्दाचा अर्थ, मग दुसरा अर्थ, मग संदर्भ, आणि शेवटी हे वाक्य: 'इथे हसायचं असतं.' सुरुवातीला वैतागायच्या. पुढे पुढे त्या टिपांमध्ये त्यांचं मन रमायला लागलं. एकदा म्हणाल्या, "अगं, समजावून सांगितलेला विनोद मरतो असं सगळे म्हणतात. पण मेल्यावर तो नीट तपासता येतो. पोटात काय होतं ते दिसतं."

आणि मग, त्याच आवाजात, समोरचं मिसो सूप ढवळत त्यांनी मला नवऱ्याबद्दल सांगितलं.

अरुणराव टिपणीस पुण्यात प्रसिद्ध होते. इंजिनिअर म्हणून निवृत्त झालेले, पण लोक त्यांना ओळखत ते सूत्रसंचालक म्हणून. साठीशांत, सत्कार, स्नेहसंमेलन, काहीही असो, माइक अरुणरावांकडे. हजरजबाबी माणूस. त्यांचे निम्मे विनोद बायकोवर असत. "मी नेहमी पहिल्या रांगेत बसते," बाई म्हणाल्या. "माझ्यावरचा विनोद झाला, की आधी लोक माझ्याकडे बघतात. मी हसले, की त्यांना हसायला मोकळीक मिळते. म्हणजे हसणं सुरू मी करायचं असतं. एकोणतीस वर्षं करतेय. तुझ्या याद्या, तशी माझी ती ड्यूटी."

"मग कधी नाही हसलात तर?"

"एकदा नाही हसले. सर्दी झाली होती, लक्ष नव्हतं. घरी आल्यावर म्हणाले, 'तुला विनोद कळत नाहीत, हा माझा सगळ्यात मोठा विनोद.' पुढच्या कार्यक्रमात तोही वापरला."

मी ट्रे उचलला. पाऊण तास संपला होता.

तिसऱ्या वर्षाच्या शरदात गोष्टी एकत्र आल्या. प्रबंध अपुरा होता. रजा मार्चमध्ये संपणार होती. सहा महिन्यांची मुदतवाढ मिळाली, तर काम होणार होतं, आणि कॉलेज म्हणालं होतं, विद्यापीठाचं पत्र द्या, आम्ही रजा वाढवू. पण फॉर्मवर सेन्सेईंचा शिक्का, म्हणजे इथली सही, हवा होता आणि सेन्सेई शिक्का मारत नव्हते. त्यांचा प्रामाणिकपणा आड येत होता. जे मला कळत नाही त्याला मी मुदत कशी देऊ, असं त्यांचं म्हणणं. इथे एक सभ्य वाट आहे: सगळी क्रेडिट्स पूर्ण करून, पदवी न घेता विद्यापीठ सोडायचं. त्यात कमीपणा मानत नाहीत. सेन्सेईंनी ती वाट अतिशय हळुवारपणे सुचवली.

त्यात अरुणरावांचा फोन आला. ते सेंदाईला येत होते. दोघांची परतीची तिकिटं काढून. "सामान आवरायला मदत करतो," म्हणाले. "झाली ना तीन वर्षं हसून?"

"काय करणार आहात?" मी विचारलं.

"ऐकणार," बाई म्हणाल्या. मला कचऱ्याच्या पिशव्या आठवायला हव्या होत्या. आठवल्या नाहीत.

आमच्या सेंदाईच्या मराठी मंडळात जेमतेम पंधरा घरं. दिवाळीचा फराळ आम्ही वॉर्डाच्या नागरिक केंद्रातला हॉल घेऊन करतो आणि शेजारच्या, कामाच्या जपानी लोकांना बोलावतो. कार्यक्रमाची यादी माझी. त्या वर्षी त्यात अशा ओळी होत्या: स्वागत आणि चार शब्द, श्री. अरुण टिपणीस, पुण्याहून आलेले पाहुणे. जपानी भाषांतर, श्रीमती टिपणीस. यात माझा काही डाव नव्हता, हे मी आजही सांगते. नेहमी भाषांतर करणाऱ्या मुलीचा घसा बसला होता, आणि कुरोदा-सेन्सेईंसकट वीसेक जपानी पाहुणे येणार होते.

बाईंनी यादी वाचली. "नक्की मीच?"

"दुसरं कोण आहे?"

"मग दुभाष्याचे नियम असतील तुमच्या ऑफिसात. दे."

होते. एक पानी. भर घालू नये. गाळू नये. स्वतःचं मत दाखवू नये. वक्त्याच्या बोलण्यावर दुभाष्याने हसू नये. बाईंनी तो कागद घडी करून पर्समध्ये ठेवला.

हॉलमध्ये सगळे स्लीपर घालून बसले होते. चकल्या उघड्या होत्या, चहा येत होता. अरुणराव उभे राहिले. उंच, गोरे, रेशमी झब्बा. माणूस माइकपाशी उभा राहिला की खुलतो, हे दिसतच होतं. शेजारी बाई, हातात वही, गळ्यात पेन्सिल.

"मंडळी," ते म्हणाले, "इथे येऊन तीन वर्षांनी आमच्या हिच्या हातचा उपमा खाल्ला. आणि काय सांगू, त्या उपम्याला द्यायला उपमाच नाही!"

मराठी मंडळी हसायच्या तयारीत बाईंकडे वळली. बाई हसल्या नाहीत. त्या कामावर होत्या. त्यांनी जपानी पाहुण्यांकडे तोंड केलं आणि स्वच्छ, आदरार्थी जपानीत सांगितलं:

"माझे पती म्हणतात, की मी केलेला उपमा त्यांनी तीन वर्षांनी खाल्ला. उपमा हा रव्याचा पदार्थ आहे. याच शब्दाचा दुसरा अर्थ तुलना. त्या उपम्याची तुलना कशाशीच होत नाही, असं ते म्हणतात. म्हणजे तो फार वाईट होतो. इथे हसायचं असतं."

हॉलमध्ये चहाच्या पेल्यांचा आवाज तेवढा ऐकू आला. आमची मुलं इथे वाढलेली. शब्दांचे खेळ त्यांना मराठीत पोचत नाहीत, जपानीत पोचतात. तीही अरुणकाकांकडे जरा दयेने बघायला लागली. पहिल्या रांगेतल्या एका शेजारीण आजींनी विचारलं, "किती वर्षं उपमा करता आहात?"

"एकोणतीस."

"कोणासाठी?"

"यांच्यासाठी."

"आरा," म्हणजे आपलं 'अगंबाई', आजी म्हणाल्या, आणि बाईंच्या हातावर हात ठेवला.

मग कुरोदा-सेन्सेईंनी विचारलं, "आणि टिपणीस-सान स्वतः उपमा कसा करतात?"

बाईंनी मराठीत विचारलं, "अहो, सेन्सेई विचारतायत, तुम्ही उपमा कसा करता?"

"मी? मी कशाला करतोय!"

तेही भाषांतर झालं. "आ, सो देस् का," म्हणजे 'अस्सं होय', असं वीस जण एकदम म्हणाले. मराठी बाजूने कोणी तरी फुस्कन हसलं. कशाला, ते सांगणं अवघड आहे.

अरुणराव मुरलेले होते. त्यांनी लगेच सावरून हुकमी पान काढलं. "जाऊ द्या. अहो, आमच्या हिचं काय आहे, विनोद कळायला इतका वेळ लागतो, इतका वेळ लागतो, की तीन वर्षं झाली तरी पीएच.डी. संपत नाही!"

हा विनोद चांगला होता. एरवी मीही हसले असते.

बाई वळल्या. आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. जपानीत वाक्याचा कर्ता बोलत नाहीत. कोण ते ऐकणाऱ्याने समजून घ्यायचं. दर वेळी 'मी', 'ती', 'ते' घालत बसलं तर उद्धट वाटतं. बाईंचं जपानी उत्तम होतं. त्या म्हणाल्या:

"विनोद कळायला फार वेळ लागतो, त्यामुळे तीन वर्षं झाली तरी पीएच.डी. संपत नाही, असं पती म्हणतात. इथे हसायचं असतं."

वाक्यात काही भर नव्हती. काही गाळलेलं नव्हतं. मी खिडकीवर अकरा वर्षं काढलीत, मी सांगते, भाषांतर अचूक होतं. फक्त विनोद कळायला वेळ कोणाला लागतो, ते त्यात नव्हतं.

कुरोदा-सेन्सेई हळूहळू उभे राहिले. कानापर्यंत लाल झाले होते. त्यांनी पेला खाली ठेवला, दोन्ही हात शरीराला लावले आणि अरुणरावांसमोर कमरेतून वाकले. तसेच राहिले.

अरुणराव गडबडले. "अगं, काय झालं यांना?"

सेन्सेई वाकूनच बोलत होते आणि बाई मराठीत सांगत होत्या, आवाजात काही न येऊ देता: "सेन्सेई म्हणतायत, आपण म्हणता ते खरं आहे. विनोद कळायला मलाच वेळ लागतो. उशीर माझ्यामुळे झाला. आपण इतके दिवस घरी एकटे राहिलात, त्याची क्षमा मागतो."

"अगं, जोक होता तो! त्यांना सांग, जोक होता!"

बाईंनी सांगितलं. "पती म्हणतात, तो विनोद होता."

सेन्सेई आणखी खाली वाकले. "तोही मला कळला नाही. क्षमा असावी. कृपया आणखी सहा महिने त्यांना इथे राहू द्या. ही माझी विनंती आहे."

अरुणरावांपुढे एखाद्या प्रोफेसराने इतक्या लोकांसमोर इतकं वाकायची ही पहिलीच वेळ. वीस जपानी माणसं श्वास रोखून त्यांच्याकडे बघत होती. "नो, नो, सर! प्लीज!" ते इंग्रजीत ओरडले. "सिक्स मंथ्स! व्हाय नॉट! नो प्रॉब्लेम!"

याचं भाषांतर करावं लागलं नाही.

मुदतवाढीचा फॉर्म माझ्या पिशवीत होता. तो नेहमीच असे. शेवटची तारीख जवळ होती. सेन्सेईंचा शिक्का त्यांच्या खिशात. शेवेच्या डब्यावर फॉर्म ठेवून त्यांनी शिक्का मारला. शाईला जरा तेल लागलं, पण चालतं.

बाहेर बुटांच्या कपाटापाशी मी बाईंना गाठलं. "कर्ता मुद्दाम गाळलात."

"जपानीत गाळतातच," त्या म्हणाल्या आणि बुटांची नाडी बांधायला खाली बसल्या. बांधायला फार वेळ लागला.

अरुणराव वाईट गृहस्थ नव्हते. बसमध्ये ते माझ्या शेजारी बसले होते, रेशमी झब्ब्यावर जाकीट घालून. मग एकदम म्हणाले, "पण काय हो, एकही माणूस का हसला नाही?" त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. पुढच्या सीटवरून बाईंनी मागे वळून बघितलं. दुसऱ्या दिवशी ऑफिसात आल्या तेव्हा मला म्हणाल्या, "एकोणतीस वर्षांत त्यांनी हे पहिल्यांदा विचारलं." मी तक्ता उघडला, खाली चौसष्टावी ओळ वाढवली आणि 'परिणाम' या रकान्यात लिहिलं: सहा महिने. बाईंनी ते वाचून खोडून टाकलं नाही, इतकंच.

अरुणराव एकटेच परत गेले. प्रबंध पुरा झाला. शेवटच्या सादरीकरणाला कुरोदा-सेन्सेईंनी परीक्षकांसमोर एक खुलासा केला. आदल्या आठवड्यात ते वॉर्ड ऑफिसात गेले होते. खिडकीमागच्या माणसाने त्यांना सांगितलं, की हा दाखला मिळायला ओळखपत्र लागेल, आणि ओळखपत्र मिळायला हा दाखला लागेल. "तेव्हा मला ती मेलेली बाई आठवली," सेन्सेई म्हणाले, "आणि मी रांगेत उभा राहून मोठ्याने हसलो. तळटीप क्रमांक एकोणीस. दोन वर्षं उशिरा. माझ्या बाजूने पदवीला हरकत नाही." मग खाली बसून त्यांनी चष्मा पुसला.

सप्टेंबरमध्ये मी बाईंना पोचवायला सेंदाई स्टेशनवर गेले. दोन बॅगा, पुस्तकांची एक पेटी, गळ्यात पेन्सिल. त्या पुण्यालाच परत चालल्या होत्या: तेच कॉलेज, तेच घर. पंधरा दिवसांनी अरुणरावांनी बायकोच्या डॉक्टरेटचा सत्कार ठेवला होता. सूत्रसंचालन अर्थात तेच करणार होते.

मला राहवलं नाही. "म्हणजे परत पहिल्या रांगेत?"

"खुर्ची तीच असणार," त्या म्हणाल्या. "बसायचं कसं ते बघू." मग पर्समधून घडी केलेला कागद काढून माझ्या हातात दिला. दुभाष्याचे नियम. चौथ्या नियमाखाली, दुभाष्याने हसू नये, तिथे पेन्सिलने रेघ होती आणि समासात एक बारीक खूण, तळटिपेची असते तशी. पानाच्या खाली टीप मात्र नव्हती. जागा सोडलेली होती. "ऑफिसची वस्तू आहे, फाइलला लाव."

गाडी आली. त्या डब्यात चढल्या, आणि तेवढ्यात फोन वाजला. शिन्कान्सेनमध्ये जागेवर बसून फोनवर बोलत नाहीत. म्हणून त्या दारापाशीच थांबल्या. अरुणरावांचा आवाज मला फलाटावर ऐकू येत होता. माइकचा सराव असलेला आवाज.

"काय डॉक्टरीणबाई! घरी आल्यावर आधी पेशंट तपासणार, की आधी चहा टाकणार?"

मग ते स्वतः हसले. मग थांबले. ती थांबण्याची जागा मला आता ओळखू येत होती. तिथे पलीकडून हसू यायचं असतं.

बाईंचा चेहरा नेहमीसारखा गंभीर होता.

"अहो, कळला नाही," त्या म्हणाल्या. "समजावून सांगा ना."

दार बंद झालं. काचेतून दिसत होतं: त्यांनी फोन खांद्याशी दाबून वही उघडली, पेन्सिल हातात घेतली आणि ऐकता ऐकता मान हलवायला लागल्या. हं. हं. पुढे? गाडी हलली तरी त्यांनी वर बघितलं नाही. पुढचं स्टेशन ओमिया होतं, तासाभराहून जास्त अंतरावर.